दोन टिकटिक मागचं चित्र

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तसाही वाकलेलोच आहे, पण नमस्कार मनापासूनचा समजावा.) तुमची मान कशी आहे? दिवसभर मोबाइलचे प्रोग्राम लिहून ती अवघडते, असं दादा म्हणत होता. दादाचं पोट आहे तसंच असणार, म्हणून विचारत नाही. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या जाऊबाई माझ्यावर रागावल्या आहेत, पण ते काही तब्येतीत मोडत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुमचा दीर जिंकला आहे.

बाबांनी दोन वर्षांपूर्वी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कारण विचारलं की म्हणतात, ‘आता घड्याळं कोण दुरुस्त करतं?’ खरं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. डोळ्याला भिंग लावूनही त्यांना कणीएवढा स्क्रू दिसेनासा झाला. तेव्हापासून हा माणूस खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसतो. पन्नास वर्षं चाललेले हात असे पडलेले बघवत नाहीत, वहिनी. म्हणून मी ठरवलं, घड्याळाचं पोट मोबाइलवर तळहाताएवढं करून दाखवायचं. त्यासाठी एक बारका कॅमेरा आणला, एक वाकणारी दांडी घेतली (ती जाऊबाईंच्या वाचायच्या दिव्याची; रागाचं कारण आता कळलं असेल) आणि मोबाइलपर्यंत यूएसबीची वायर ओढली.

वायर लावली की चित्र आपोआप पलीकडे जातं, असं लोकांना वाटतं. तुम्ही त्यातल्या जाणकार, तरी मी किती अभ्यास केला हे तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतो. चित्रं पाठवायच्या कामाच्या रीती दोन. (तिसरी माउसबिउससाठी असते, तिच्या वाटेला मी गेलो नाही.) पहिली बल्क. हिच्यात मालाचा दाणा न् दाणा मोजून पोचवतात, वाटेत काही बिघडलं तर पुन्हा पाठवतात. मात्र रस्ता मोकळा मिळेल तेव्हा. दुसरी आयसोक्रोनस. हिची वेळ राखून ठेवलेली असते, गाडी ठरल्या क्षणी सुटते, आणि वाटेत सांडलं ते सांडलं, उचलायला कुणी परत जात नाही. आता तुम्हीच सांगा, वडिलांसाठी करायचं आणि त्यात सांडलवंड? आपल्या घराण्यात हे बसत नाही. मी छातीठोकपणे बल्क निवडली. शिवाय प्रत्येक चित्र पुढच्या पिढ्यांसाठी साठवावं म्हणून वायरीच्या मध्ये हबची डबी बसवून तिच्यावर एक पेनड्राइव्हही खोचला.

रविवारी सकाळी प्रयोग ठेवला. शेजारच्या शिंपीकाकांना मुद्दाम बोलावलं, कारण कौतुकाला निदान एक तरी तिऱ्हाईत लागतो. चित्र असं आलं म्हणता! चाकाचे दात मोजून घ्यावेत. शिंपीकाका ‘वा’ म्हणाले, मी कॉलर नीट केली. मग बाबांनी चिमटा घेतला, मोबाइलकडे बघत स्क्रूपाशी नेला, आणि चिमटा स्क्रूच्या पुढे गेला. मागे घेतला तर जास्तच मागे आला. तिसऱ्या खेपेला स्क्रू उडाला तो शिंपीकाकांच्या चहात सापडला.

बाबा आता उठून खिडकीशी जाणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरलं, कॅमेऱ्याखाली चिमट्यानं टेबलावर एक टिचकी मारली आणि मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझं चित्र दोन टिकटिक मागे आहे.’

मी म्हटलं, बाबा, पण अख्खं आहे, एक कणसुद्धा हरवत नाही!

‘उशिरा कळलेली बरोबर वेळ चुकीचीच असते,’ बाबा म्हणाले. ‘मला चित्र भिंतीवर लावायचं नाहीये, काम करायचंय.’

दोन वर्षांत एका दमात इतकं ते बोलले नव्हते.

पुढचे तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही. (जाऊबाईंच्या मते ते सुखाचे गेले.) दोष शोधून काढला, तो असा: पेनड्राइव्ह रस्ता अडवत होता, आणि एकही चित्र टाकायचं नाही या माझ्या हट्टापायी ताजी चित्रं शिळ्यांच्या मागे रांगेत उभी होती. पुढच्या पिढ्या रद्द केल्या, पेनड्राइव्ह उपटला, तरी बाबांच्या कानाला एक टिकटिक उरलीच. शेवटी मन घट्ट केलं आणि आयसोक्रोनस लावली. चित्राची कड अधूनमधून उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. मला लाज वाटत होती. बुधवारी बाबांच्या पुढ्यात पडदा ठेवला (कोणता, ते शेवटी सांगतो). त्यांनी चिमटा खाली नेला, स्क्रू उचलला, जागेवर बसवला, पिळला. पहिल्या झटक्यात! ‘छान’ वगैरे काही नाही. नुसता दुसऱ्या स्क्रूसाठी हात पुढे केला. मला रडू आलं, वहिनी, हे सरळच लिहितो. जेवताना त्यांनी दुकानाची किल्ली मागितली.

तर असा हा विजय. रीत निवडली मी, चूक धरली बाबांनी, पण बाबाही माझेच, तेव्हा श्रेय घरातच राहिलं. दादाला एक टपली माझ्यातर्फे द्यावी.

आपला,
कर्तबगार दीर

ता. क. पडदा घरच्या कॉम्प्युटरचा होता. मोबाइलवर बल्क सुखानं चालते, पण आयसोक्रोनस तिथल्या तयार साधनांत मिळत नाही. खालच्या थरात उतरून लिहावं लागतं, आणि तिथं माझी अक्कल पोचत नाही. दुकानातलं टेबल दोन वितींचं, त्यावर कॉम्प्युटर मावायचा नाही. बाबांनी दुकानाची काच पुसली आहे, शनिवारी उघडतो म्हणून शिंपीकाकांना सांगूनही आलेत. तेवढं तुम्ही लिहून द्याल का? अर्ध्या तासाचं काम असेल. हसू नका. आता त्यांना परत खिडकीशी बसवायची माझी हिंमत नाही.

ता. क. दुसरा. बाबांनी हे पत्र वाचलं. टेबलावर राहिलं होतं, कॅमेऱ्याखाली धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ‘कर्तबगार’वर काट मारणार होते, जाऊबाईंनी आवरलं. खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत.

सूनबाई, दोन वर्षांपूर्वी तुझं घड्याळ माझ्याकडे दिलं होतंस, तेव्हा पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं. पार्ट माझ्या खणातच होता. मला दिसत नव्हता. काल बसवला. वेळ लावून ठेवतो, न्यायला ये.