पाहुण्याचा हुकूम

गुरुवार, संध्याकाळ. तेलीबांधा.

वाचलो बाप्पा! दुपारी लॅपटॉपवर विंडोजची खालची पट्टीच गायब झाली, कुठेच क्लिक होईना. विंडोजच्या आत चालणारी लिनक्सची काळी खिडकी तेवढी जिवंत होती, अन् तिच्यात सकाळपासूनचं काम अर्ध्यावर. लॅपटॉप बंद केला असता तर सगळं गेलं असतं.

ऑफिसातल्या वर्षादीदीले फोन लावला. ती म्हणाली, "भैया, लिनक्स के अंदर से ही विंडोज को बोलो ना!" आतला पाहुणा बाहेरच्या यजमानाले हुकूम सोडू शकतो, हे मले माहीतच नव्हतं. तिच्यात पट्टी दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहिलं, 'एक्सप्लोरर', तर म्हणे अशी कमांडच नाही. "पीछे डॉट ईएक्सई लगाओ." लावलं. पट्टी परत! एवढ्याशा शेपटासाठी घाम फुटला होता.

घरजावई होऊन दोन वर्षं झाली, तरी सासूबाई मले 'पाहुणे'च म्हणतात. पाहुण्यानं मागायचं नसते, म्हणून मी मुकाट लवकीची, म्हणजे दुधीची, भाजी खाऊन राहिलो. आजही त्या लवकीच चिरत होत्या. दीदीचं बोलणं डोक्यात होतंच. म्हटलं, "आज झुणका करा." त्यांचं लक्षच नाही. मग शेपूट लावलं, "आज झुणका करा ना, आई."

विळी थांबली.

"हव, करते. पण इतके दिवस काहून नाही बोलले? मलेही लवकी आवडत नाही. पाहुण्याच्या पोटाले हलकं पडते म्हणून करून राहिली होती."