थ्रॉटलची खुर्ची रिकामी आहे

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकलो आहे हे खरंच मान; मागच्या आठवड्यापासून एकदा वाकलो की सरळ व्हायला कुणाचा तरी हात लागतो.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा घसा? त्यांनाही नमस्कार सांग, पण बोटीचा विषय निघायच्या आत सांग, कारण बोटीच्या नुसत्या उल्लेखानं त्यांना मळमळतं. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. तू अजिबात काळजी करू नकोस आणि यायची तर मुळीच गरज नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

पत्र अशासाठी, की फोनवर तू नुसतं "बरं" म्हणतेस आणि त्या एका "बरं"पुढे माझं गाडं अडतं. दिवसभर लोकांना भूल देणाऱ्या डॉक्टरणीला समोरचा किती शुद्धीवर आहे हे आवाजावरूनच कळतं, तेव्हा कागद बरा. लिहितोय शेडमध्ये, नवी इंजिनं ज्यातून आली त्या खोक्यावर कागद ठेवून, उभ्यानं. बसलो की पाय हलायला लागतात, पाय हलले की टेबल हलतं, आणि मग तुझी भावजय मला घराबाहेर काढते. (आत्ता मध्येच जाऊन एक बोल्ट बघून आलो. घट्ट होता. सकाळपासून तो घट्टच आहे, पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही.)

तर बातमी अशी, की येत्या रविवारच्या बोटींच्या शर्यतीपर्यंत थ्रॉटलला माणूस मिळाला नाही तर स्वतः बसणार, असं बाबांनी जाहीर केलंय. आपल्या घरात कुणी काही मागत नाही हे तुला माहीतच आहे. जो तो जाहीर करतो. आई नाही का, "आज मला चहा नको" असं जाहीर करायची आणि आपण मुकाट्यानं आधण ठेवायचो! पण बाबांचं तसं नाही, ते बोलले की करतात. त्यांच्या कंबरेचे फोटो तू स्वतः उजेडाला धरून पाहिलेत. त्यांना स्कूटरवरसुद्धा मागे बसायची बंदी आहे. बोटीतला एकेक स्क्रू हातानं चाचपून बघणारा हा माणूस स्वतःच्या मणक्यातल्या स्क्रूंना मात्र काडीची किंमत देत नाही. एक मोठी लाट आणि ते जन्माचे अंथरुणाला खिळतील, या विचारानं माझं डोकं भणभणतंय. पण तू काळजी करू नकोस.

आता इंजिनांबद्दल. (हे दाजींनाही वाचून दाखवशील, म्हणून सोपं करून लिहितो.) जुन्या इंजिनांचा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढे केला की ती जांभई देत उठायची; तेवढ्यात मी चष्मा सारखा करून घ्यायचो. नवी जांभई देत नाहीत. बोट आधी नाक वर करते, समोर आकाशाशिवाय काही दिसत नाही, मग धाडकन नाक खाली घेते आणि सुटते, आणि आपलं पोट धक्क्यावरच राहतं. इंजिनांबरोबर ड्राइव्हही बदलले, म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उतरलेले ते दोन पाय, ज्यांच्या टोकाला पंखे फिरतात. सपाट पाण्यावर ती आता अशी सरळ धावते की सुकाणूच्या चाकाला नुसतं बोट लावून बसावं. खरी गंमत लाटांवर. लाटेच्या माथ्यावरून बोट हवेत सुटते, पंखे पाण्याबाहेर येतात, ओझं गेल्याबरोबर इंजिनं किंचाळायला लागतात. तिथे चाक धरणाऱ्याच्या हातात काही नसतं. शेजारी थ्रॉटल धरणाऱ्यानं त्याच क्षणी हात मागे घ्यायचा आणि बोट पाण्याला टेकता टेकता पुन्हा पुढे न्यायचा. उशीर झाला तर ड्राइव्हमधल्या गिअरचे दात पडतात, घाई झाली तर आमचे. जुन्या इंजिनांना थोडी चूक चालायची. ह्यांना चालत नाही. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं गं. लाट डोळ्यांना दिसायच्या आधी तुझ्या हाताला कळायची. मला तर इतकी वर्षं वाटायचं, बोट मीच चालवतो.

तुझ्यानंतर त्या खुर्चीत पहिला बसला माझा मेव्हणा, दाताचा डॉक्टर. हात हलका आहे, म्हटलं, जमेल. पण समोरचा कण्हला की थांबायचं अशी त्याच्या हाताला सवय. इंजिन कण्हलं, की हा थ्रॉटल पार मागे घेऊन "दुखतंय का?" अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघायचा. लाटेच्या ऐन उतारावर त्यानं असं केलं, बोटीनं नाक पाण्यात खुपसलं आणि अर्धा समुद्र आमच्या मांडीवर येऊन बसला. मेव्हणा तेव्हापासून आमच्याकडे जेवायला येत नाही, ही त्यातली जमेची बाजू. दुसरे आपले इंजिनवाले मिस्त्री. ह्यांचं उलटं. ती इंजिनं त्यांनीच उघडून, सजवून बसवलेली, त्यामुळे ती किंचाळली की ह्यांना समाधी लागते. बोट हवेत, इंजिनं टिपेला, आणि मिस्त्री डोळे मिटून मान डोलावताहेत. खाली आलो तेव्हा उजव्या ड्राइव्हमधून डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज आला. मिस्त्रींनी डोळे उघडून विचारलं, "हे काय होतं?" मी म्हटलं, तुमचे गिअर.

तिसरी तुझी भावजय. खोटं कशाला बोलू, तिचा हात चांगला आहे. पण चाक कसं धरावं हेही ती मला सांगत होती, आणि मी उलट उत्तर दिलं की थ्रॉटल पुढे. संसारातला कुठलाही वाद असल्या वेगानं हरलो नव्हतो. तेही सोसलं असतं, पण धक्क्याला लागताना घात झाला. बाबांच्या सांगण्यावरून दोन्ही पंखे आता आतल्या बाजूला फिरवतो. त्यानं समुद्रात वेग वाढतो, पण धक्क्यापाशी बोट डोक्यात राख घातल्यासारखी वागते. पूर्वी एक इंजिन पुढे, एक मागे केलं की ती जागच्या जागी वळायची. आता वळत नाही, बाजूला सरकते. तशी ती सरकत सरकत बंदर अधिकाऱ्यांच्या लाँचला जाऊन भिडली. साहेब आत आरशासमोर मिशी कोरत होते. आता त्यांना अर्धीच मिशी आहे, आणि ती अर्धी ते निव्वळ मला दाखवायला ठेवतात, अशी माझी खात्री आहे. तुझ्या भावजयीनं तिथेच धक्क्यावर उतरून राजीनामा दिला.

म्हणून आता बाबा. रोज सकाळी शेडमध्ये हजर. थ्रॉटलची खुर्ची खोलून त्यांनी ती चांगली वीतभर पुढे बसवली. मी म्हटलं, बाबा, तुमचे पाय केवढे लांब, गुडघे हनुवटीला लागतील! तर म्हणाले, म्हातारपणी पाय आखडतात. थ्रॉटलच्या मुठीवरचं जाड रबर काढून पातळ कातडं गुंडाळलं. का, तर म्हणे तळवाही आखडतो. आखडायला आता त्यांची जीभ तेवढी राहिली आहे. मी ओरडलो, हात जोडले, किल्ल्या लपवल्या. ते शांतपणे कातडं शिवत राहिले. माझी झोप उडाली आहे, जेवताना मी घास हातात घेऊन येरझाऱ्या घालतो. शर्यतीतून नाव मागे घ्यावं, तर ही बोट बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, आणि नव्या इंजिनांनिशी ती पळताना बघायची त्यांची किती दिवसांची हौस! असो. मार्ग निघेल. तुझ्या शस्त्रक्रिया असतात, लोक तुझ्या भरवशावर डोळे मिटतात, तू तुझं काम कर. दाजींनी गुळण्या कराव्यात.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझं हेल्मेट उन्हात ठेवलं आहे. आतलं अस्तर उंदरांनी खाल्लं होतं, तुझ्या भावजयीनं नवीन शिवलं. सहज सांगितलं. घरातली वस्तू नीट असावी, एवढंच.

आणखी एक ता. क. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या गावाहून इकडे थेट गाडी सुटते, हे मला सहज चौकशी करताना कळलं. तू येऊ नकोस. पण समजा आलीस, तर कंबरेचा पट्टा आण. आमच्याकडचा बाबांना लागतो.

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. धाकट्यानं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मी बोटीत बसणार नाही. बसायचा विचारही नव्हता. मोजे घालताना माझी कंबर धरते. पण तसं जाहीर केलं नसतं तर ह्यानं तुला लिहिलं नसतं, आणि ह्यानं लिहिल्याशिवाय तू आली नसतीस. दोघंही माझ्यावर गेला आहात. खुर्ची तुझ्या पायांच्या मापानं पुढे घेतली आहे, मूठही तुझ्या हाताची. पाय नीट टेकतात का, ते येऊन बघ. इंजिनं फार जोराची आहेत. ह्याचा हात चाकावर चांगला आहे, पण जीव उतावळा. शेजारी वेळेवर हात मागे घेणारं माणूस नसेल तर रविवारी मला धक्क्यावर उभं राहवणार नाही. जावईबापूंना नमस्कार. शुक्रवारच्या गाडीनं ये. हे मी जाहीर करत नाही, मागतो आहे.

बाबा