केस आले की कळवा

मोहाडी,
२४ मे १९८१

ती. पंचफुला मावशीस,

विशाखाचा सविनय जयभीम. एरवी वाकून केला असता, पण सध्या वाकलं की केस कागदावर पडतात आणि शाईला चिकटतात, तेव्हा हा उभ्यानेच केला आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? मावसाजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर बेडका तपासून घ्यावा. हे मी मागच्या दोन पत्रांतही लिहिलं होतं.) इकडे सर्व खुशाल. 'सर्व' या शब्दात माझे केस धरू नयेत. पत्र पाकिटातून पाठवते आहे, कारण आंतर्देशीय पत्र टिकाराम पोस्टमन उन्हाकडे धरून वाचतो आणि मग आईला विचारतो, की नागपूरला सगळं बरं आहे ना.

तू विचारलं होतंस, रक्तपेढीच्या ट्रेनिंगचं काय झालं. निवड झाली आहे. वर्षभर नागपूरला राहावं लागेल. एक जुलैला हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि पुन्हा कधी बोलावतील ते कोणी सांगू शकत नाही. बाबांचं म्हणणं असं, की आधी लग्न, मग सासरच्यांची परवानगी, मग नागपूर. सासर अजून ठरलेलं नाही, त्यामुळे परवानगी कोणाकडे मागायची हेही ठरलेलं नाही. माझ्या मते प्रश्न एवढाच आहे. बाकी सगळ्यांच्या मते प्रश्न केसांचा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

केस जाण्याचं कारण सांगते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. दिवाळीनंतर मला टायफॉईड झाला होता. आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी मीच केली (माझंच रक्त, माझीच सुई, माझीच सही; रुग्णाने तक्रार केली नाही). ताप गेला, अशक्तपणा गेला, आणि सगळं आटोपलं असं वाटत असताना फेब्रुवारीत केस जायला लागले. मोठ्या तापात शरीर केसांचं काम बंद ठेवतं. केस मुळाशी सैल होतात, पण लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, आपण ताप विसरलेलो असताना, एकदम पडतात, आणि त्याच जागी नवे उगवतात. औषध लागत नाही. पोटभर जेवायचं आणि वाट पाहायची. बाळंतपणानंतर बायकांचे जातात तेही असेच. हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुस्तकातही आहे, आणि मी आईला नीट समजावलं. आई म्हणाली, "दिवाळीच्या तापाचा राग केस आता काढून राहिले काय?" मी रोवणीचं उदाहरण दिलं, की धानाचं पऱ्हं, कोवळं रोप, उपटून बांधीत रोवलं की आधी पिवळं पडतं, मेल्यासारखं दिसतं, मग धरतं. आई म्हणाली, "धानाले पाहाले पाव्हणे येत नाहीत."

(कारण माहीत असलं की भीती वाटत नाही, असं आम्हाला शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. न्हाणीच्या मोरीत अडकलेला आपल्याच केसांचा बोळा बोटांनी ओढून काढताना कारण आठवत नाही.)

'काही करायचं नाही' हा उपचार मोहाडीत कोणाला मान्य नाही. डोमाकाकांच्या मते दोष पाण्याचा. "तुमच्याच दवाखान्यानं विहिरीत पांढरी पावडर टाकली, आता भोगा म्हणा." (त्याच विहिरीचं पाणी ते स्वतः पितात आणि त्यांचे केस कानांतूनसुद्धा उगवले आहेत. हे मी त्यांना सांगितलं नाही.) बाबांच्या मते दोष नोकरीचा. शेजारच्या उषाबाईंच्या मते नजर लागली. कोणाची, हे त्यांना ठाऊक आहे पण त्या सांगणार नाहीत. काकांनी पुढे असंही सुचवलं, की एकदा वस्तरा फिरवून टाकावा, मग दाट येतात. धान कापल्यानं पुढच्या वर्षी दाट येत नाही हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, डोक्याचं मात्र सांगावं लागतं. वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही, मूळ कातडीच्या आत असतं. काका म्हणाले, "पोट्टी लय शिकली, म्हणूनच झडून राहिले."

मग तेलं आली. करंजाचं, मोहाच्या बियांचं, माका घालून उकळलेलं. त्यानंतर कांद्याचा रस, त्यानंतर बोडीच्या तळाची चिकणमाती. सगळं एकाच आठवड्यात. मी सुचवलं, की एका वेळी एकच लावावं, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. आई म्हणाली, "तुले कळाले पायजे का केस पायजेत?" तेव्हापासून रोज संध्याकाळी ती मला ओट्यावर समोर बसवते आणि तेल जिरवते.  तेलाने केस येत नाहीत हे मी तिला सांगितलं आहे, आणि तरी मी रोज जाऊन बसते. याचं शास्त्रीय कारण माझ्याकडे नाही.

आपल्या घरात छप्पन सालापासून देव नाहीत, त्यामुळे नवसाची सोय नाही. सगळा भार तेलांवर येतो. उषाबाईंनी यावर तोड काढली. "मालनबाई, तुमच्यात चालत नाही तं मी बोलते नवस, माह्या नावावर. केस आले तं मीच फेडीन." आईने ठणकावून सांगितलं, की आमच्यात असलं उसनं चालत नाही. थोड्या वेळाने भाजी निवडताना हळूच विचारलं, की नवसाला साधारण किती दिवस लागतात. (बाबांना कळवू नकोस.)

हे कमी होतं म्हणून माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, त्यात केस तपासता येतात, अशी वार्ता बाजारच्या दिवशी पसरली. लोक काडेपेटीत केस घेऊन यायला लागले. तहसील कचेरीतले भोजराजबाबू तंबाखूच्या डबीत स्वतःचे केस घेऊन आले. कधीचे, असं विचारल्यावर म्हणाले, लग्नाच्या वर्षीचे. त्यांना आता दोन जावई आलेले आहेत. मी सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला, केस पाहिला आणि सांगितलं, की केसाला रोग नाही, वडिलांचं डोकं कसं होतं? "असंच होतं," ते म्हणाले. मग हे वडिलांकडून आलेलं आहे, याला उपाय नाही, असं मी सांगितलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. "सरकारी दवाखान्यात औषध नसते हे मालूम होतं," ते म्हणाले, "पण मॅडम, जराशी आशा बी ठेवत नाही काय?" मी पुढचा नमुना मागवला.

आता गंगावनाचं. माझे गळलेले केस आई पहिल्या दिवसापासून एका कापडी थैलीत जमवत होती. मला वाटलं, दारावर येणाऱ्या केसवालीला देऊन सुया-चाप घेणार. केसवाली आली, थैलीचं वजन हातानेच करून पातेलं द्यायला तयार झाली, आणि आईने तिला परत पाठवलं. थैली गेली आईच्या मैत्रिणीकडे, मंदाबाईकडे. मंदाबाईने ते सगळे केस धुतले, विंचरले, काळ्या दोऱ्यात गुंफले आणि हातभर लांब गंगावन करून आणलं. एप्रिलमध्ये आसगावचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत आहे, शांत आहे, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. टायफॉईडचं नाव काढायचं नाही अशी मला ताकीद होती, आणि गंगावन वेणीत घट्ट बांधून मला पुढे केलं.

मुलाला आई नाही. वाढवलं ते आत्याने, गोदावरीबाईंनी; त्यामुळे तपासणी त्यांच्याकडे. नाव, शिक्षण, पगार हे पुरुषांनी विचारलं. मग त्या उठल्या, माझ्या मागे आल्या आणि मानेपासून टोकापर्यंत वेणीवरून हात फिरवला. (बाजारात बैल घेताना शेपटी पिळून पाहतात. बैलाला निदान हिसका देता येतो.) "असली हाय नं?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "एकन् एक केस तिच्या डोक्यातला हाय, बाई. दुसऱ्या कोणाचा एक नाही." मंदाबाई दाराशीच होती. "मीच तं विंचरले," ती म्हणाली. मावशी, मी नंतर विचार केला. दोघी एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या. केस माझेच होते. मधल्या काळात त्यांनी फक्त जागा बदलली होती.

आत्याबाई म्हणाल्या, पोरीशी दोन गोष्टी बोलते, आणि मला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली. मला वाटलं, आता वेणी सोडायला सांगतील. त्यांनी स्वतःचा अंबाडा सोडला. त्यातून भलं जाड गंगावन निघालं, विकतचं. कपाळावर आणि कानशिलावर केस जवळजवळ नव्हते, कातडी गुळगुळीत झाली होती. "तू तपासतेस म्हणते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पाह्य नं माय. हे काहून होऊन राहिलं? नवऱ्याले मरेपर्यंत मालूम पडू देल्लं नाही मी." पाहून झाल्यावर मी आहे ते सांगितलं. कमी केसांवर एवढं जड गंगावन रोज ताणून बांधलं, तर त्या ओढीनेच मुळं सुटतात. सुटली की झाकायला आणखी घट्ट बांधतात. लपवायला जे लावलं, त्यानेच गेले. गुळगुळीत झालेल्या जागी आता बहुधा येणार नाहीत; पण सैल ठेवलं तर उरलेले वाचतील. "मंग काढून टाकू?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतीन वं?"

 मी चाप काढले आणि माझं गंगावन सोडून ट्रंकेवर त्यांच्या गंगावनाशेजारी ठेवलं. टायफॉईडचंही सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मी त्यांच्या. बाहेर पोह्यांच्या बशांचे आवाज येत होते. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. फेब्रुवारीपासून मला इतकं निवांत बसता आलं नव्हतं.

मग त्यांनी अंबाडा बांधला (सैल बांधला, हे मी पाहिलं), बाहेर गेल्या आणि सर्वांसमोर सांगितलं, "पोरगी लय चांगली हाय. केस तेवढे तापात गेले. आमाले घाई नाही. केस आले की कळवा, त्याच महिन्यात लगन लावू." माझ्या केसांची बातमी त्यांनी दिली, त्यांच्या केसांची मी दिली नाही. आमच्याकडे रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देतात.

आईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, तेल मात्र टाकलं नाही. बाबांचा निर्णय आता असा झाला आहे, की केस येईपर्यंत लग्न नाही आणि लग्न होईपर्यंत नागपूर नाही. डोमाकाका दर रविवारी येतात आणि दारातूनच विचारतात, "आले काय?" मी डोक्याला रुमाल बांधून असते. मेचं ऊन, वर रुमाल, रुमालाखाली तेल. आणखी काय लिहू? मावसाजींना जयभीम.

तुझी,
विशाखा

ता. क. खरं काम राहिलं. तू बाबांना एक पोस्टकार्ड टाक. पाकीट नको. पोस्टकार्ड टिकाराम वाचेल, म्हणजे बाबांच्या आधी गावाला कळेल आणि बाबांना नाही म्हणणं जड जाईल. मजकूर असा : नागपूरचं पाणी वेगळं आहे. इथल्या मोठ्या दवाखान्यात केस-कातडीचा स्वतंत्र विभाग आहे. विशाखाला त्या आवारात रोज जावं लागेल आणि पुरं वर्ष लागेल. तिला जूनअखेर माझ्याकडे पाठवा. यातलं प्रत्येक वाक्य मी तपासलं आहे. रक्तपेढी त्याच आवारात आहे. एकही खोटं नाही. ही पद्धत मी तुझ्या बहिणीकडून शिकले.

आणखी एक. केस आले आहेत. बोटाच्या पेराएवढे, सगळ्या डोक्यावर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. रुमाल त्यासाठीच आहे. वाकलं की केस पडतात असं वर लिहिलं, तेही खरंच आहे. पण एवढेतेवढे सगळ्यांचेच रोज पडतात. तुझेही पडत असतील. काळजी करू नकोस.

शेवटचं. आईला यातलं काही समजावून सांगायच्या भानगडीत पडू नकोस. काल संध्याकाळी तेल लावताना तिची बोटं माझ्या कपाळावर आली आणि तिथेच थांबली. मग पुन्हा फिरली, सगळीकडे, सावकाश. मी मान खाली घालून बसले. तिने रुमाल उचलला, नेहमीपेक्षा पुढे ओढून स्वतःच्या हाताने बांधला, आणि आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काहीच नाही वं अजून. नागपूरलेच दाखवा लागते." त्यातलं पहिलं वाक्य धडधडीत खोटं होतं. आईच्या तोंडून असलं मी पहिल्यांदाच ऐकलं.