दुसरा फटका

२ फेब्रुवारी, सोमवार

बत्ता पोलिसांनी नेला. खल इथेच आहे. त्यात ठेचलेला लसूण तसाच.

शाळेत गेले नाही.

३ फेब्रुवारी

क्रमाने लिहून बघते.

रविवारी दुपारी लसूण ठेचत होते. बोंबलाला – आईने मुरब्याहून पाठवलेले सुके बोंबील. दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे प्रदीप. बोईसरला या खोलीत राहायला आल्यापासूनची ओळख. सिलिंडर वर आणून देतात. ताई म्हणतात. पाणी किती वाजता आलं, असं विचारलं. मी सांगायला लागले, तोवर ते आत होते आणि दाराला कडी होती. तोंडावर हात. दुसरा हात कुठे, ते पोलिसांना सांगितलं आहे. इथे लिहीत नाही. बत्ता माझ्या हातातच होता. मारला. कानाच्या वर. त्यांचा हात सुटला. मी आणखी एक मारला. ते खाली बसले. मी कडी काढून बाहेर पळाले.

हात सुटला आणि मी दुसरा मारला, या दोन्हींच्या मध्ये काय होतं ते आठवत नाही. हात सुटला हे मला कळलं होतं का? आता कळतं आहे. तेव्हा?

आणि अजून अहो-जाहोच लिहिते आहे!

४ फेब्रुवारी

धर्मेश आला. बोट किनाऱ्याला लावून तसाच. अंगाला माशांचा वास. भाऊ म्हणून आधी रागावला – मला नाही, दाराला. जुनी कडी उखडून नवी बसवली. मग चहा पिताना म्हणाला, प्रदीपच्या भावाने उलट तक्रार दिली आहे, तेव्हा सोमवारी जबाबात एकच सांग.

मी म्हटलं, दोन मारले.

“मोजायला कोण होता तिथं?”

मी होते, म्हटलं.

जाताना चप्पल घालत म्हणाला, “बाय, तू मुंगी पन मारत नाय. गावाला म्हाईत हाय.”

शिंगाळे मारलेत, म्हटलं.

“ते मासं.”

५ फेब्रुवारी

शिंगाळ्याचं डोक्यातून जात नाही. जाळ्यातून काढला तरी तो लवकर मरत नाही. काटा ताठ करून तडफडतो. लागला तर हात सुजतो, ताप भरतो. म्हणून साफ करण्याआधी डोक्यावर दांडका घालायचा. आमच्यात दोनदा घालतात. पहिल्याने तो गप्प होतो. मेला असं वाटतं. उचलायला जावं तर काटा मारतो. म्हणून लगेच दुसरा. लहानपणी हे काम माझ्याकडे होतं. एक, आणि लगेच दुसरा. विचार करावा लागत नसे.

म्हणजे ती सवय होती. पहिला मी मारला. दुसरा हाताने मारला.

आज झोप लागेल.

६ फेब्रुवारी

लागली नाही. माणूस म्हणजे शिंगाळा नव्हे.

७ फेब्रुवारी

शाळा. नववीचा तास. फळा पुसायला डस्टर उचलला, तर पहिल्या बाकावरची कमळी मागे सरकली. थोडीशीच. तिलाही कळलं नसेल. मी पाठ वळवून फळा पुसत राहिले. पुसून झाल्यावरही.

शिक्षकांच्या खोलीत सगळे चांगलं बोलले. गणिताच्या बाई म्हणाल्या, दोनच? आणखी चार हाणायला हवे होते. ऐकून बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची भीती वाटली.

८ फेब्रुवारी, रविवार

जिन्यात प्रियंका भेटली. त्याची बायको. हॉस्पिटलमधून रिकामा डबा घेऊन येत होती. वाटलं, आता शिव्या देईल. ती पायरीवर बसली. मलाही बसावं लागलं.

तो कसा आहे ते तिला माहीत आहे. पूर्वी ते मनोरला राहायचे. तिथली खोली का सोडावी लागली तेही तिने सांगितलं – मी न विचारता. तिच्या आवाजात राग नव्हता. घरातला पंखा बिघडलाय असं सांगावं, तसं.

“पहिला मारलात ते बरं झालं, सपनाताई. मला कधी जमलं नाय. पन दुसरा कशाला?”

वरची खोक टाके घालून भरली. कान गेला तो दुसऱ्याने. डॉक्टर म्हणतात, ऐकू येणार नाही. त्याच्या उजव्या बाजूला बसलं तर आता ओरडून बोलावं लागतं, असं ती म्हणाली. आणि जरा हसली – इतकी वर्षं तो ओरडायचा.

मी सांगितलं, सवय आहे, माशांची. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी हात ओढणीखाली घेतला.

९ फेब्रुवारी

जबाब दिला. लिहून घेणाऱ्या हवालदार बाई चांगल्या होत्या. त्यांनीच पेन थांबवलं. झटापटीत दोन काय, दहा बसतात, म्हणाल्या. ते स्वसंरक्षण. पण हात सुटल्यावर मारला असं लिहिलं, तर समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

“नीट आठवा मॅडम. सुटला होता, की सुटत होता?”

सुटला होता, म्हटलं. मग शिंगाळ्याचंही सांगितलं. आमच्याकडे दोनदाच मारतात, लहानपणापासून हाताला तेच वळण. बाई घाटावरच्या. शिंगाळा त्यांनी पाहिलेला नाही. तरी सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं – घरच्या रीतीप्रमाणे हात पुन्हा चालला. वाचून दाखवलं. मी सही केली.

खोटं काही बोलले नाही. येताना रिक्षात पहिल्यांदा भूक लागली.

१२ फेब्रुवारी

पहिला फटका माझा नाही, त्याने मारायला लावला. दुसराही माझा नाही, तो घरच्या रीतीचा. मग त्या खोलीत मी काय करत होते?

पहिल्याची मला लाज नाही. अजिबात नाही. हे लिहून ठेवते. बाकी सगळं गढूळ आहे.

१४ फेब्रुवारी

नवा बत्ता आणलेला नाही. लसूण सुरीने कापते.

१७ फेब्रुवारी

प्रियंका माहेरी गेली. जाताना किल्ली माझ्याकडे ठेवून गेली. माझ्याकडे का? विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुरब्याला आले. धर्मेशने सकाळी शिंगाळा आणलेला. दारातल्या ओट्यावर होता, अजून जिवंत. आईने पायाखाली दाबला, दांडका घेतला, एकदा मारला. दांडका बाजूला ठेवून तिने कोयता उचलला.

मी म्हटलं, दुसरा?

“कसला दुसरा?”

आपण दोनदा मारतो ना, म्हटलं.

“एक नीट बसला की झालं. दोनदा मारून मास खराब होतं.” ती काटा मोडत होती. मान वर केली नाही. “दोनदा तूच मारायचीस, बाय. एवढीशी होतीस तवापासून. तो गप झाला तरी. भिऊन का कशानं, नाय म्हाईत. आमी हसायचो.”