केदू होण्याआधी

पुन्हा तेच! मृत्युपत्र करायला माणूस मरायला टेकलेला असावा लागतो, हे तुम्हाला सांगितलं कुणी? कोर्टाबाहेरच्या मुन्शीनेही सकाळी हेच ऐकवलं. "अहो मास्टर, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, दत्तक गेल्यावर नाही. उद्या तुम्ही पंगतीत बसून जिलब्या खाणार. मग हे मृत्युपत्र कोणाचं?" म्हटलं, वाल्मीकचं. तो हसला आणि कागद माझ्याकडे सरकवला. म्हणून आता माझं मीच लिहितोय. तुम्हालाही हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग पुढे वाचा.

तर मी, वाल्मीक सावळीराम तांबट, वय वर्षं तेवीस, बी. ए. (म्हणून लोकांचा 'मास्टर'), धंदा गोष्टी लिहिण्याचा, राहणार नाशिक, पूर्ण शुद्धीवर आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याबद्दल घरात दुमत आहे, पण ते मी कॉलेजातून परत आलो तेव्हापासूनचं आहे. "कोणाच्याही दबावाशिवाय" असं लिहायची रीत आहे म्हणे. ते मी लिहिणार नाही. दबाव आहे. उद्या सकाळी दहाच्या मुहूर्तावर, पंचवटीत, आमचे आबा मला धोंडाकाकूंच्या मांडीवर बसवणार आहेत. तेवीस वर्षांचा घोडा!

धोंडाकाकू म्हणजे आबांच्या चुलतभावाची विधवा, भांड्यांच्या दुकानाची मालकीण. त्यांचा एकुलता एक केदू चार महिन्यांचा होऊन गेला. तेच नाव मला मिळणार. म्हणजे उद्या अकरा वाजता वाल्मीक सावळीराम या नावाचा माणूस कुठेच नसेल. आबांशी त्याचं नातं तुटलेलं, घरावरचा हक्क गेलेला, नाव गेलेलं. याला मरण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, ते त्या मुन्शीने सांगावं.

शिवाय अट आहे. केदूने दुकान बघायचं आणि गोष्टी लिहिणं सोडायचं. गंगेचं पाणी हातात घेऊन, चार लोकांसमोर तसं कबूल करायचं.

कलम पहिलं. राहत्या घरातला आणि कारखान्यातला माझा वाटा थोरला भाऊ पुंजा याला. तांब्याची भांडी ठोकून मठारायची माझी हातोडीही त्यालाच. ती मी वर्षातून दोनदा हातात धरली असेल, तीही आबा बघत असताना. पुंजा, तू म्हणायचास ते खरं आहे. माझा ठोका कधी एका जागी दोनदा पडलाच नाही.

कलम दुसरं. सायकल आबांना. आबा सायकलवर बसणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी आबांनाच.

कलम तिसरं, मासिकं. ही अमेरिकेतली, सायन्सच्या गोष्टींची. देवळालीच्या छावणीतले गोरे शिपाई, टॉमी, वाचून फेकतात, ती रद्दीत इब्राहिमच्या दुकानी येतात आणि पुड्या व्हायच्या आत मी उचलतो. टॉमी लोक वरची रंगीत चित्रं फाडून बराकीच्या भिंतीला चिकटवतात. चित्राबरोबर आतली यादीही जाते आणि लेखकांची नावंही. त्यामुळे माझे आवडते लेखक कोण, असं कुणी विचारलं तर मला एकाचंही नाव सांगता येत नाही. मीच नावं ठेवलीत. एक 'हिशेबी'. त्याचा माणूस चंद्रावर उतरला की आधी थुंकतो आणि थुंकी किती वेळाने खाली पडते ते बघतो. एक 'घरधनीण'. ती बाई असावी अशी माझी खात्री आहे. तिच्या प्रत्येक गोष्टीत संशोधक दुसऱ्याच पानावर गडप होतो, आणि उरलेली गोष्ट त्या यंत्राबरोबर एका घरात राहणाऱ्या त्याच्या बायकोची असते. असं मराठीत कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन पाया पडलो असतो. तिसरा 'कर्नल'. त्याच्या मंगळावर सगळे एकमेकांना सलाम ठोकत असतात. कर्नलचे सगळे अंक इब्राहिमला, पुड्यांसाठी. शेंगदाणे चांगले राहतील त्यात.

बाकीचे अंक द्यायला उरलेत कुठे? गेल्या आठवड्यात काकूंनी माझी ट्रंक आधीच दुकानी नेली, आणि गड्याने माझ्या मासिकांची पानं भांडी गुंडाळायला घेतली. नऊ अंक गेले! मी ओरडलो तेव्हा काकू खरंच गोंधळल्या. "अरे, रद्दीच होती ना ती? इब्राहिमकडचीच ना?" त्यांची चूक तरी कशी म्हणू? तांब्याला पोचा पडू नये म्हणून कागद लागतो, आणि कागद समोर होता. पण हिशेबीच्या एका लांबलचक गोष्टीची शेवटची चार पानं एका तांब्याबरोबर विंचूरला गेली. मी मोटारीने विंचूरला गेलो. घर शोधून काढलं. दारात कुसाबाई नावाच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "कागद व्हय? चूल पेटवली ना भाऊ. लय चांगला पेटला." वर मला भाकरी खायला घातली. गोष्टीतल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, हे मला आता या जन्मी कळायचं नाही.

कलम चौथं. पुण्याच्या ज्या संपादकांनी माझी 'उलटी गंगा' छापली त्यांना माझ्याकडून काहीही नाही. गोष्ट अशी होती : एका सकाळी गोदावरी उलटी, उगमाकडे, त्र्यंबकच्या दिशेने वाहायला लागते. बस. तेवढंच बदललेलं. मग रामकुंडावर काय होतं? शंभर वर्षं लोकांनी सोडलेल्या अस्थी परत येतात. कुणाच्या कुणी ओळखायच्या? घरी न्यायच्या की पुन्हा सोडायच्या, आणि सोडायच्या तर कुठे? भटजी काय सांगतात, धुणं धुणाऱ्या बायका काय म्हणतात, सगळं लिहिलं होतं. संपादकांनी मला न विचारता शेवटी एक ओळ घातली : "आणि तो दचकून जागा झाला." एका ओळीत त्यांनी नदी परत सरळ केली! वर पत्र पाठवलं, की वाचकांना धीर द्यावा लागतो.

आणि आमचे भटजी. ते म्हणतात, "वाल्मीका, यात नवं काय? विमानं आपल्या पुराणात आहेतच." आहेत ना. पण ती वरदानावर चालतात. माझ्या गोष्टीतलं यंत्र गळतं, आणि ती गळती बुजवताना कुणाचा तरी हात भाजतो. हा फरक मी तांबटाचा मुलगा असून मला दिसतो आणि त्यांना दिसत नाही. शास्त्रीय गोष्ट म्हणजे नुसती चंद्र, मंगळ, यंत्रं नव्हेत. एकच खोटी गोष्ट खरी धरायची, आणि त्यानंतर कुठेही लबाडी करायची नाही. स्वप्नातून जागं करायचं नाही, देव मध्ये आणायचा नाही. जे होईल ते होऊ द्यायचं, वाईट झालं तरी. हे मी दोन वर्षं या गावात सांगतोय. "छान छान," म्हणतात आणि विचारतात, "नोकरीचं काय?"

कलम पाचवं. माझ्या अकरा वह्या.

इथे मी अडलोय. इब्राहिमच्या दुकानात, गठ्ठ्यांवर कागद ठेवून लिहितोय. साक्षीदार म्हणून तो आणि पुंजा समोर बसलेत. इब्राहिम म्हणाला, "मास्टर, ह्या वह्या कोणाच्या नावावर करता? मला नका देऊ. माझ्या हाताला सवय आहे, फाडून टाकीन." पुंजाला विचारलं. "मला काय वाचता येतंय तुझं ते? चार ओळीत झोप लागते." मग तो गमतीने म्हणाला, "उद्याच्या केदूला देऊन टाक की! घरातल्या घरात."

दोघं हसले. मीही हसलो. पण मग मी ते नीट मांडून बघितलं, मांडायची सवयच आहे मला. धरा, वाल्मीक गेला आणि केदू आला. केदूच्या हातून पाणी सुटलेलं आहे, सगळ्यांदेखत. सकाळी सातला तो दुकान उघडतो. काकू त्याला पहिल्यांदा "केदू" म्हणून हाक मारतात आणि त्यांचा आवाज फुटतो. ते ऐकल्यावर हा माणूस वह्या उघडेल? उघडणार नाही. तो वाईट नाही, म्हणूनच उघडणार नाही. वर्षभर त्या फडताळात राहतील. मग एखाद्या दिवाळीत गिऱ्हाईक खोळंबलेलं असेल, कागद संपलेला असेल, आणि तो स्वतःच्या हाताने पहिलं पान फाडेल. मी कितीही वेळा मांडलं तरी दुसरं काही होत नाही. दुसरं काही झालं असं लिहिलं तर ती लबाडी होईल.

म्हणून कलम पाचवं : वह्या कुणालाही नाहीत. त्या माझ्याबरोबर येतील, आणि मी उद्या पंचवटीत येणार नाही.

वरची बाकी कलमं तशीच राहतील. पुंजाला दिलेला वाटा मी परत मागणार नाही. आबांनी जातीसमोर शब्द दिला होता, तो मी मोडतोय, तेव्हा त्यांच्या घरात वाटा ठेवायचं मला तोंड नाही. आबा, तुम्ही मला एकदा तरी विचारायला हवं होतं. मीही नाही म्हणायला हवं होतं, महिनाभर आधी. दुकानावरची खोली चोरून लिहायला मिळेल या लोभाने मी गप्प बसलो.

कलम सहावं, शेवटचं. धोंडाकाकूंना द्यावं असं माझ्याजवळ काही नाही. काकू, तुम्ही म्हणाला होतात, "मला दिवा लावणारा हवाय रे, उडणारा नको." तुम्ही सरळ मागितलंत आणि मी सरळ सांगितलं नाही, एवढाच माझा गुन्हा, तो मोठा आहे. पण केदूचं नाव केदूचंच राहू द्या. कुणा मोठ्या माणसाला ते घालू नका.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खालच्या दोघांसमोर सही केली.

नाशिक, मार्गशीर्ष, शके १८५७.
इंग्रजी तारीख ३ डिसेंबर १९३५.

वाल्मीक सावळीराम तांबट

साक्षीदार :

१. इब्राहिम, रद्दीवाला. सही उर्दूत केली आहे. कलम पाचवं त्याला वाचून दाखवलं. त्याने वह्या बांधायला सुतळी काढून दिली.

२. पुंजा सावळीराम तांबट. याची सही व्हायची आहे. मला सही करताना त्याने पाहिलं, पण वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला, आणि वाचायच्या आधी चहा हवा म्हणाला. कोपऱ्यावर तीन कप सांगायला गेलाय. त्याचा आवाज इथवर येतोय, साखर कमी म्हणून भांडतोय.

पुंजा, दोनच लागतील. निघालो.