सिंहाच्या टेकडीखालचा सैनिक

क्लेमेंटी, सिंगापूर,
फेब्रुवारी २०१८

प्रिय अनिश,

मराठीत लिहितेय, रागावू नकोस. शाळेत हिंदी घेतल्यामुळे तुला देवनागरी येते, आणि रविवारच्या मराठी वर्गाला रडतरडत का होईना चार वर्षं गेलास. कुठे अडलास तर मोठ्यानं वाच, कानाला आपोआप कळेल. इंग्रजीत मला एवढं लांब लिहिता येत नाही. येतं, पण ते ऑफिसच्या मेलसारखं होतं.

घरी सगळं ठीक आहे. खाली ब्लॉकमध्ये चायनीज न्यू इयरचे लाल कंदील लागलेत आणि शेजारच्या आंटींनी नेहमीसारखी संत्री आणून दिली. 'बोताक बॉय कसा आहे?' असं त्यांनी विचारलं. तुझ्या टकलाला काय म्हणायचं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. तुझी खोली मी आवरलेली नाही. आवरायला गेले आणि तशीच बाहेर आले. गिटारवरची धूळ तेवढी पुसली.

आता मुख्य गोष्ट. मागच्या शनिवारी तू लष्कराच्या कॅम्पमधून बुक-आउट होऊन, सुट्टीवर आलास तेव्हा आम्ही दोघं इथं नव्हतो. तू यिशुनला मीनलमावशीकडे जेवलास, आणि आम्ही कुठे गेलोय ते तिला विचारलंस. बाबांचं काम निघालं, एवढंच तिनं सांगितलं. ते खरंच होतं. बाबांना ब्रसेल्सच्या ऑफिसात चार दिवस जायचं होतं. निघायच्या आठवडाभर आधी, चहा पिता पिता, 'तूही चल,' असं ते मला म्हणाले. डिसेंबरपासून त्यांनी स्वतःहून उच्चारलेलं बहुधा ते पहिलंच लांब वाक्य, म्हणून मी काही न विचारता हो म्हटलं. तू येशील आणि आपण नसू, हे मला फार टोचत होतं. पण या घरात तेव्हा दोन माणसं एकटी पडली होती, अनिश. त्यातला एक तू होतास आणि तुझ्याजवळ निदान बराकीतले, तुझ्या बंकमधले मित्र होते.

शनिवारी काम संपल्यावर बाबा म्हणाले, 'वॉटर्लूला जाऊन येऊ.'

तुला ते किती आठवतं कोण जाणे. तू आठ वर्षांचा होतास. नेपोलियनचं वेड तुला कुठून लागलं ते आम्हाला कधीच समजलं नाही, पण त्या वर्षी सोफ्यावर, बाथरूममध्ये, माझ्या पिठाच्या डब्यात, सगळीकडे तुझे प्लास्टिकचे सैनिक सापडायचे. युरोपच्या सहलीत सगळ्यांना आयफेल टॉवर बघायचा होता आणि तुला हे शेत बघायचं होतं. तेव्हा तिथं एक जुनाट मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम होतं. नेपोलियनच्या नाकाचा पोपडा उडाला होता, त्यावरून तू फार दुःखी झालास. गोल इमारतीतलं ते अवाढव्य लढाईचं चित्र, टेकडीवरचा लोखंडी सिंह, खाली कागदाच्या पुडीतले गरम चिप्स. काळी फेल्टची टोपी घेऊन दिल्यावर तू टेकडीच्या पायथ्याशी गवतात लढाई लावलीस. नेपोलियन तू आणि बाकी अख्खी इंग्रज फौज म्हणजे बाबा. तू तलवार मारायचास आणि बाबांनी मरायचं, असा नियम होता. पण बाबा पडले की लगेच उठून बसायचे. तू चिडून रडकुंडीला आलास. 'आई, बाबा नीट मरतच नाहीत!' मी हसून फोटो काढत होते. तो फोटो अजून फ्रिजवर आहे.

आता तिथलं सगळं बदललंय. मेणाचे पुतळे गेले. म्युझियम जमिनीखाली, टेकडीच्या पोटात नेलंय. वरून फक्त गवत आणि सिंह दिसतो. खाली उतरलं की मंद उजेड, काचा, भिंतभर हलणारे नकाशे, आणि दोन्ही बाजूंचे सैनिक खऱ्या गणवेशात ओळीनं चालत आपल्या अंगावर येतायत असे उभे केलेले. हातात एक यंत्र देतात, ते कानाशी धरलं की हव्या त्या भाषेत सांगतं. मराठी नाही, मी पाहिलं. तुझा आठ वर्षांचा अवतार तिथं असता तर त्याला बाहेर काढायला पोलीस बोलवावे लागले असते.

एका खोलीत चष्मा घालून सिनेमा बघायचा असतो. घोडदळ थेट आपल्या तोंडावर येतं, तोफा उडतात, खुर्चीखालची जमीन थरथरते. पुढच्या रांगेतली शाळेची मुलं टाळ्या पिटत होती. मीही जरा दचकून हसले आणि बाबांचा हात धरायला गेले, तर खुर्ची रिकामी.

ते मला एका काचेच्या पेटीपाशी सापडले. आत एका माणसाचा सांगाडा होता, आडवा, जसा मातीत मिळाला तसा. नव्या म्युझियमच्या वेळी गाड्या उभ्या करायला जागा खणत होते, तेव्हा तो सापडला म्हणे. वय विशीच्या आसपास. पाठीचा कणा थोडा वाकडा. फासळ्यांमध्ये बंदुकीची गोळी, अजून तिथंच. बहुधा जर्मन होता, इंग्लंडच्या राजाच्या फौजेत भरती होऊन बेल्जियमच्या शेतात लढायला आलेला. बाबांनी कानावरचं यंत्र काढून हातात धरलं होतं आणि त्यातून तो बारीक आवाज येतच होता.

माझ्या मनात एकच विचार आला: याच्या आईला कुणी कळवलं असेल का?

तिथं एक मध्यमवयीन बाई देखरेखीला उभी होती. बाबांनी तिला इंग्रजीत विचारलं, अगदी शांतपणे, पण मला त्यांचा आवाज ओळखू येईना. 'याला पुरणार नाही का तुम्ही?' तिला हा प्रश्न नवीन नसावा. ती म्हणाली, 'पुष्कळ लोक विचारतात. मला स्वतःला विचाराल तर पुरावा. पण मग इथं थांबून कुणी त्याचा विचार केला नसता.' बाबांनी मान हलवली. मग मराठीत, जणू माझ्याशीही नाही, म्हणाले, 'निदान हा बघायला तरी मिळाला.'

तेव्हा मला कळलं की ते कुणाबद्दल बोलतायत.

सातारला आजीच्या हॉलमध्ये प्रतापकाकांचा फोटो आहे, हार घातलेला. 'ते सैन्यात होते, गेले,' एवढंच आम्ही तुला सांगितलं. तूही कधी खोदून विचारलं नाहीस, आणि त्या घरात कुणीच ते बोलत नाही. मलाही लग्नाआधी दोन वाक्यांत सांगितलं होतं, त्यानंतर कधीच नाही. बाबांचे ते थोरले भाऊ. सत्त्याऐंशी साली आपलं सैन्य श्रीलंकेत पाठवलं, शांतता राखायला म्हणून. तिथं जाफन्याला ते गेले. चोवीस वर्षांचे होते. त्यांना घरी आणताच आलं नाही, अग्नी तिथंच दिला. घरी आली ती त्यांची ट्रंक.

म्युझियममधून वर आल्यावर बाबा टेकडी चढायला लागले. त्यांचा गुडघा तुला माहीत आहे. पायऱ्या उभ्या, वारा असा की माझी ओढणी तोंडावरून हटेना, आणि खाली चहूकडे काळीशार चिखलाची शेतं. मध्ये दोनदा थांबून ते वर पोचले. सिंहाच्या चौथऱ्याला टेकून उभे राहिले आणि मग बोलले. आमच्या चोवीस वर्षांच्या संसारात मी जे ऐकलं नव्हतं ते सगळं.

प्रतापकाका शेवटचे सुट्टीवर आले तेव्हा दोघं भाऊ रोज संध्याकाळी साताऱ्याच्या चार भिंतींच्या टेकडीवर फिरायला जायचे. काका त्यांना खोटी गोळी मारायचे आणि बाबा पडून दाखवायचे. इंजिनिअरिंगला असलेला घोडा, पण भावाबरोबर लहानच. निघताना ती ट्रंक बाबांनीच खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत नेली. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, भाऊ सिलोनला निघालाय म्हणून. ट्रंक परत आली तेव्हा ती उचलायला आजोबांच्या अंगात बळ नव्हतं. तीही बाबांनीच घरात आणली. आजीनं ती उघडू दिली नाही. ती म्हणाली, 'लोकांच्या देशात काय काम होतं त्याचं?' पुढे कितीतरी वर्षं ती तेवढंच म्हणायची.

अनिश, डिसेंबरमध्ये त्या रात्रीच्या जेवणात बाबा तुला काय म्हणाले ते आठव. 'ज्या देशाचा पासपोर्ट तुझ्याकडे नाही, त्याच्यासाठी बंदूक उचलणार?' पुण्याच्या कॉलेजची तयारी त्यांनी करून ठेवली होती. पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास आणि त्याबरोबर येणारी दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा, सोडून द्यायची, आपण तिघांनी परत जायचं, असं ठरवूनच ते बोलत होते. आणि तू म्हणालास, 'बाबा, आय ग्रू अप हिअर. माझे सगळे फ्रेंड्स जाणार, मी एकटा पळून जाऊ? दिस इज होम, लाह.' तो इथल्या लोकांसारखा 'लाह' ऐकून बाबा ताटावरून उठले. तुला वाटलं, तू त्यांचा शब्द मोडलास म्हणून. मलाही तसंच वाटलं होतं. त्यानंतर तुम्ही दोघं माझ्यामार्फतच बोललात. तू टेकाँग बेटावरच्या कॅम्पला गेलास त्या दिवशी सगळ्यांचे आईबाप फेरीबोटीत होते, आणि तुझ्या शेजारी मी आणि मीनलमावशी. मेसमध्ये तो भात आणि चिकन खाताना तू दाराकडे बघत होतास. मी पाहिलं. तू पाहिलंस की मी पाहिलं, आणि मग उगाच म्हणालास, 'फूड नॉट बॅड, आई.'

टेकडीवर मी बाबांना विचारलं, हे सगळं त्याला का नाही सांगितलं? ते म्हणाले, 'सांगितलं असतं तर तो माझ्या दुःखापायी थांबला असता. मला त्याला माझ्या शब्दानं थांबवायचं होतं. दुःखानं बांधून घालायचं नव्हतं.' वाऱ्यात मला ते पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

मग मीही बोलले. मी म्हटलं, प्रतापकाकांना दुसऱ्यांच्या देशात पाठवलं. आपला मुलगा दोन वर्षांचा असताना आपण त्याला इथं आणलं. त्याची बालवाडी इथं, पहिलं भांडण इथं, पहिली मैत्रीण इथं (हो, मला माहीत आहे). परका देश आपल्याला वाटतो, त्याला नाही. तो कुणाच्या तरी राजासाठी जात नाहीये, शाळेपासूनच्या वरुण आणि वेई मिंगबरोबर जातोय. बाबांना ते पटलं, असं मी म्हणणार नाही. बापाला असलं काही पूर्ण पटत नसतं. आईलाही नसतं. आता तूच तिथं नीट राहा, पाणी पी, आणि सार्जंट सांगेल तिथं शहाणपणा करू नकोस.

परतीच्या ट्रेनमध्ये काचेवर पाऊस वाजत होता. ब्रसेल्स यायच्या जरा आधी बाबांनी विचारलं, 'त्याच्या बुटांचा नंबर काय आहे ग आता?' मी सांगितला. 'माझ्यापेक्षा मोठा,' ते म्हणाले, आणि मग ब्रसेल्स येईपर्यंत डोळे मिटून बसले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण तुला नवल वाटत असेल. परवा तुमच्या लष्करातल्या कंपनीकडून सगळ्या पालकांना निरोप आला, की मुलं फील्ड कॅम्पला जंगलात जातायत, घरून एक पत्र लिहून पाठवा, तिथं आम्ही त्यांच्या हातात देऊ. म्हणजे तू हे तुझ्या हातानं खणलेल्या खड्ड्यात बसून, चिखलानं माखून वाचत असशील. निरोप बाबांनी आधी वाचला. कागद त्यांनीच काढला, जेवणाच्या टेबलाशी बसून 'प्रिय अनिश' एवढं लिहिलं आणि संध्याकाळ जाऊ दिली. शेवटी पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाले, 'तू लिही. प्रतापचं सगळं लिही. त्याला आता कळू दे, आता तो थांबणार नाही.' म्हणून वरचे दोन शब्द त्यांच्या अक्षरातले आहेत, पुन्हा बघ. ऑफिसकडे मागितलेल्या पुण्याच्या बदलीला त्यांनी काल 'नको' म्हणून कळवलं. तुझी दोन वर्षं होईपर्यंत आम्ही दोघंही इथंच आहोत, दर शनिवारी. खाली चार ओळींची जागा सोडतेय, ते म्हणाले शेवटचं मी लिहितो.

तुझीच,
आई

अनिश, शनिवारी फेरी टर्मिनलवर मी येतोय. बूट काढून घालता येतील अशा चपला आणतो, पायाला फोड आले असतील. बाकीचं तू बोल, मी ऐकेन.
बाबा