टलीचा पाऊस आणि आमची हिरवळ

पर्थ, जानेवारीअखेर

ती. एनिडताई हिला,

क्लेमचा नमस्कार. तुझा गुडघा ताळ्यावर असेल, केळीचे घड वादळातून बचावले असतील आणि व्हरांड्यातले गमबूट नेहमीप्रमाणे ओलेच असतील, असं धरून चालतो. इकडे मात्र क्रांती झाली आहे.

नाताळात तू आमच्या हिरवळीला जे शहाणं यंत्र बसवून दिलंस (भिंतीवर डबा, जमिनीत फवारे, कारभार सगळा तुझ्या फोनमधून), त्याने मला पार वेड लावलं. चाळीस वर्षं रेल्वेत सिग्नल पाडले, पण शब्दाला इतका पक्का गडी पाहिला नाही. पाणी द्यायच्या पहिल्याच दिवशी डब्यावर अक्षरं उमटली, 'पावसाचा अंदाज. आज पाणी बंद.' आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण हवामान मला जास्त कळतं की यंत्राला? पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्याही वेळी तेच. मी रोज सकाळी पाण्याचा मीटर पाहून येई आणि दोन टोस्ट जास्त खाई. (पाणी वाचवलं की भूक लागते.)

तुझी भावजय लोर्ना तेव्हा खुब्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात होती. घरी आल्यावर आधी अनवाणी गवतावर उभी राहीन, मग चहा, असं तिने जातानाच बजावलं होतं. मी रोज भेटायला जाऊन किती लिटर वाचले ते सांगे. ती विचारी, "आणि गवत?" मी पुन्हा लिटर सांगे.

गवत आधी गव्हाच्या रंगाचं झालं, मग बिस्किटाच्या. शेजारचा विंको (त्याची हिरवळ हिरवीगार, पाणी तो सरकारने घराला नेमून दिलेल्या दिवशीच देतो, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही) कुंपणावरून पाहून सुस्कारे टाकी. गवत झोपलंय, असं मी त्याला ऐकवलं. लोर्ना यायच्या दिवशी सकाळी मात्र तो आत आला आणि डब्यासमोर उभा राहून म्हणाला, "क्लेम, हा पाऊस पडतोय तरी कुणाच्या घरी?"

चष्मा लावून पाहिलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, टली, क्वीन्सलंड. ताई, तुझा पत्ता! तुझ्या केळींवर पाऊस कोसळतोय म्हणून साडेतीन हजार किलोमीटर अलीकडे माझं गवत तीन आठवडे उपाशी.

डब्याच्या कडेला हाताने पाणी सोडायचं बटण विंकोला सापडलं. आमच्या पाण्याचाच दिवस होता, आणि सकाळी नऊनंतर पाणी द्यायला बंदी, ते अजून वाजायचे होते; त्याने दाबलं. नेमकी तेव्हाच टॅक्सी आली. लोर्ना काठी टेकत फाटकातून आत शिरली आणि आठही फवारे एकदम उठले. एक वाकडा होता, तो थेट तिच्यावर. ड्रायव्हर तिची बॅग डोक्यावर धरून पळाला. मी माफी मागत बटणाकडे धावलो, तर ती म्हणाली, "बटणाला हात लावाल तर याद राखा."

चपला काढून, विंकोच्या खांद्याला धरून ती त्या बिस्किटावर उभी राहिली. निथळत होती आणि हसत होती. तीन आठवडे ती गवताचं विचारत होती आणि मी आकडे सांगत होतो, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. पण यंत्र उत्तमच आहे, ताई. चूक फक्त गावाची.

तुझा,
क्लेम

ता. क. फोनमध्ये आमचा पत्ता घालायला दोन मिनिटं लागतात म्हणे. ते फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "कसा आहेस" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणून मोकळा होतो. लोर्नाला अजून उठताना दोन हात लागतात, आणि ती पडेल म्हणून माझा जीव दिवसभर टांगणीला असतो. महिनाभर येशील का?

ता. ता. क. वन्सं, पत्र टाकायला मी जातेय म्हणून वाचलं. मी एकटीच चालत जातेय. दोन हात लागत नाहीत. हेच दोन्ही हातांनी धरून बसतात. जरूर या, आणि परत जाताना ह्यांना महिनाभर घेऊन जा. — लोर्ना